पिकोको नव्हे, कुराता नात्सुए

आमच्या ओसाकाच्या गेम कंपनीत संगीतकार एकच, कुराता नात्सुए. मी प्रोग्रॅमर, तिच्या शेजारच्या टेबलावर. त्या काळी गेमच्या मशीनमधून एका वेळी तीनच सूर निघायचे, वर थोडी खरखर. तेवढ्यात ती लढाई, वादळ, घर सोडून निघालेला योद्धा, सगळं बसवायची. तिच्या संगीत महाविद्यालयातले सर एकदा म्हणाले, "पियानो शिकून हे पीं-पीं?" तिने तिथेच विचारलं, "सर, तीन सुरांत तुम्ही कुणाला रडवून दाखवाल?" त्यानंतर सरांनी तिला नववर्षाचं कार्ड पाठवणं बंद केलं.

सत्त्याऐंशी साली आमचा मोठा गेम तयार झाला. शेवटी पडद्यावर नावं येतात, तिथे सगळ्यांना टोपणनावं लावायचा हुकूम निघाला. खरी नावं दिसली तर दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतील, ही भीती. मला 'मुळा' केलं, मी हसून सोडून दिलं. नात्सुएच्या वाट्याला 'पिकोको' आलं, मशीनच्या 'पिको-पिको' अशा पीं-पीं आवाजावरून.

ती थेट विभागप्रमुख तोकुनागा साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"माझं खरं नाव घाला."

"अगं, शेवटपर्यंत खेळतो कोण? नाव वाचणार कोण?"

"कुणीच वाचणार नसेल, तर खरं घालायला तुमचं काय जातंय?"

आम्ही माना खाली घातल्या. साहेब लालबुंद. "मुळ्याची तक्रार नाही, तुझीच का?"

"मुळ्याला चालतंय. मला नाही चालत."

शेवटची धून तिने अजून दिली नव्हती. "नाव लागलं की धून मिळेल," म्हणाली. साहेबांनी आधीचीच एक धून शेवटाला चिकटवली आणि गेम बाजारात गेला, पिकोकोच्या नावाने. तो तुफान चालला. नात्सुएने राजीनामा दिला.

ओसाकातच, तेन्मा भागात, तिच्या आईचं ताकोयाकीचं, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या गरम गोळ्यांचं, दुकान होतं. आई कडाडली, "चांगली नोकरी एका नावापायी सोडलीस?"

"ते नाव तूच ठेवलंस ना? मग बोलू नकोस."

आईने तिच्या ताटलीत दोन ताकोयाकी जास्त वाढले.

पुढे बरीच वर्षं तिने सुपरमार्केटात मासळीच्या काउंटरवर वाजणाऱ्या धुनाही केल्या. मग क्योतोच्या एका लहान कंपनीने बोलावलं. पगाराआधी तिने नावाचं विचारलं. तिथे ते लागलं, प्रत्येक गेमला.

गेल्या वर्षी जुन्या कंपनीने तो गेम नव्याने काढायचं ठरवलं. त्यांचा माणूस मिठाई घेऊन तिच्या घरी आला, तेव्हा मी तिथेच होतो.

"या वेळी तुमचं खरं नाव घालू. फक्त जुन्या गोष्टी बाहेर बोलू नका."

"म्हणजे नाव माझं आणि तोंड बंद, तेही माझंच? मिठाई परत न्या."

तो वाकत वाकत गेला. मी म्हटलं, "घ्यायचं होतंस. नाव तरी लागलं असतं."

"असं लागलेलं मला नको."

गेम पुन्हा पिकोकोच्याच नावाने निघाला. महिनाभरात नात्सुएने रेडिओवर सगळं सांगून टाकलं, साहेबांच्या नावासकट. कंपनीतून फोन आला, तेव्हा ती नव्या धुनेवर काम करत बसली होती.

"कामात आहे. नंतर करा," म्हणाली आणि ठेवून दिला.