फळ्यावरचे वडील

माझा नवरा मेलेला आहे. शाळेने त्याला बागेत पाठवू नये.

नमस्कार मागाहून.

आज ह्यांची पुण्यतिथी. फोटोला हार घालत होते, तेवढ्यात शाळेतून फोन.

नात मन्वा सहावीत आहे. माझ्या लेकीला, सुलूला, उशिरा झालेली. ती जन्मायच्या आधीच हे गेले.

तिच्या बाईंनी ग्रुपवर निबंध पाठवला होता, 'माझे आजोबा'. सगळ्या वर्गाने तोच पाठ करून म्हणायचा. माझे आजोबा मला रोज बागेत नेतात.

मन्वा उभी राहिली आणि म्हणाली, "माझे आजोबा फोटोत असतात."

शून्य मार्क. वर उद्या पालकांना बोलावणं.

मी म्हटलं, "बाई, पोर खरं बोलली."

"आजी, खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही. सगळ्यांचं सारखं असलं की तपासायला बरं पडतं. तुमचं शिक्षण किती?"

"चौथी. पण माझा नवरा मेलाय एवढं मला कळतं."

फोन ठेवला. हे मी आधी ऐकलेलं आहे.

गिरणी संपाचं वर्ष. लालबागला आमच्या चाळीला लागूनच म्युनिसिपालटीची शाळा. वर्गातलं सगळं गॅलरीत ऐकू यायचं. सुलू तेव्हा चौथीत. बाईंनी फळ्यावर निबंध लिहिलेला, आणि अख्खा वर्ग एका सुरात,

माझे वडील रोज डबा घेऊन गिरणीत जातात.

आणि ते वडील इथे गॅलरीत. ओळीने बसलेले.

कोणी विडी विझवली. कोणी उठून आत गेलं.

सुलू एकटी म्हणाली, "बाई, माझे बाबा घरी असतात." तिला बाकावर उभी केली.

मी गेले भांडायला. तर बाई म्हणाल्या, "निबंध आहे हो तो. त्यात खरं काय नि खोटं काय. मार्क मिळतात ना?"

दुसऱ्या दिवशी पोरगी सगळ्यांबरोबर म्हणाली. त्यातून तिचा आवाज मला वेगळा काढता आला नाही.

ह्यांनी खुंटीवरचा डबा काढला.

"खंय चललात?"

"गिरणीत."

"गिरण बंद आसा."

"माका म्हायत आसा. चेडवाक खोटा बोलूची पाळी येता नये."

पोरीला खोटं बोलायला लागू नये म्हणून रिकामा डबा घेऊन रोज गिरणीच्या गेटपर्यंत जायचे. समोरच्या फुटपाथवर बसायचे. संध्याकाळी परत.

मी तो डबा घासायची. आत काही नसायचं, तरी घासायची.

सुलू पाचवीत गेली. वर्गातला निबंध बदलला. हे जातच राहिले.

गिरणी उघडली नाही. संप मिटला असं आम्हाला कोणी येऊन सांगितलंही नाही.

पुढे ती शाळा पाडली, तिथे टॉवर झाला. सूर काही पाडता आला नाही. सकाळी फोडणी टाकली की अजून भिंतीतून येतो. मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहते. वेडी म्हणा हवं तर.

आज सुलू म्हणते, "आई, म्हणू दे ना तिला. सगळी मुलं म्हणतात. कशाला उगाच डोळ्यांवर यायचं?"

मी विचारलं, "तुझे बाबा काय करायचे गो?"

हात कणकेत होते. वर न बघता म्हणाली,

"माझे वडील रोज डबा घेऊन गिरणीत जातात."

पन्नाशीला आलेली बाई. त्याच सुरात.

मग तिची तीच दचकली. कणीक तशीच टाकून मोरीत गेली, आणि किती वेळ नळ सोडून उभी राहिली.

अहो, ऐका. आज तुम्ही कुठे जायचं नाही. डबा मी खुंटीवरून काढून कपाटात घातलाय. पोरीसाठी पुष्कळ चाललात. नातीसाठी चालायचं नाही. फोटोत आहात तिथेच स्वस्थ बसा.

उद्या शाळेत मी जाते. प्रश्न मी विचारणार.

मन्वाला कोणी काही विचारायचं नाही. सुलू, तूही मधे बोलायचं नाहीस.

उत्तर बाईंनी द्यायचं.