पुरलेला राजा नाचला

"ताई, पहिल्या हकीकतीत स्वच्छ लिहिलंय! राजानं दुसऱ्याची बायको घरात आणली, नवऱ्याला लढाईत पुढे घालून मारवलं!"

"आणि दुसऱ्या हकीकतीत? एक अक्षर नाही! देवाचा लाडका होता तो, तुझ्यासारखा नव्हता."

मी तेव्हा नवी नवरी, भिंतीपलीकडे भांडी घासत होते. भांडण कशावरून, तर हिब्रू शास्त्रातल्या दावीद राजावरून! त्याची हाडंसुद्धा उरली नसतील.

आमच्या घरचा धंदा पुस्तकं बांधायचा. धाकटे दीर खळ लावायचे, थोरल्या वन्सं पानांचे गठ्ठे शिवायच्या. त्यांच्या टाक्याशिवाय पुस्तक म्हणजे पत्त्यांचा कॅट. प्रार्थनाघराचं मोठं शास्त्र बांधायला आलेलं, त्यात राजांची हकीकत दोनदा, दोन तऱ्हांनी. वन्संनी सुई टाकली. "तूच शिव, शहाण्या!" म्हणत आपल्या घरी गेल्या. बोलणं बंद. त्या परत आल्या नाहीत तर दुकानाला टाळं, ही भावजींना धास्ती.

शेवटी त्यांनी स्वतःच शिवलं.

पुढच्या प्रार्थनेला गुरुजींनी वाचलं: राजा मेला, त्याला पुरलं. पान उलटलं, तर राजा मिरवणुकीत नाचतोय! गुरुजींनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. राजा नाचतोच आहे.

पहिल्या रांगेत वन्संना हसू फुटलं. "अगं बाई, माझ्या भावानं मुडदा नाचवला!"

सगळं प्रार्थनाघर पोट धरून हसलं. भावजी खांबाआड.

सकाळी वन्सं सुई घेऊन दारात हजर. भावजींनी उलटसुलट शिवलेले गठ्ठे उसवता उसवता दोन्ही हकीकती शेजारी शेजारी पडल्या, आणि त्या वाचतच बसल्या.

"अरे, ही दुसरी संपते कुठे बघ. नगर जळालंय, माणसं परमुलखात, आणि हुकूम येतो, परत जा, मंदिर बांधा. अशांना आजोबांची लफडी सांगायची, की मंदिराची तयारी त्यांनी कशी केली ते?"

"मग पहिली खोटी?"

"खोटी कशी? दोन्ही एकाच शास्त्रात ठेवणारे काय खुळे होते? दोरा दे इकडे."

भांडण मिटलं म्हणता? छे! त्या दिवसापासून वन्सं राजाला पापी म्हणू लागल्या आणि भावजी त्याची बाजू घेऊ लागले. जिभा गंजू नयेत म्हणून.

पुढे म्हातारपणी, आपल्या आयुष्याच्या अखेरच्या दिवशीही वन्सं नेहमीसारख्या दोरा आणि मेण आणायला गेल्या. धापा टाकत आल्या, रीळ भावजींपुढे ठेवलं.

"उद्या मी शिवीन. तू हात लावू नकोस, राजा परत उठेल."