दोन इंचांची माया

टेलरमास्तरांच्या दुकानात खोटं बोलायची सोय नव्हती. जिन्याखालची आठ फूट बाय सहा फुटांची जागा, एक पायमशीन, एक आरसा आणि खिळ्याला दोरीने टांगलेली मापांची वही. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं जुनं माप, त्याच्याखाली नवं. सव्वीस वर्षांच्या कंबरा तिथे एकीखाली एक नांदत होत्या.

"पोस्टमनसाहेब, पोट पुढे निघून गेलं, शर्ट मागेच राहिला," मास्तर टेप आवळत म्हणायचे.

"अहो, तुम्ही घट्ट धरताय!"

"टेप काही खात नाही हो. खाणारे तुम्ही."

स्वतःचं माप मात्र मास्तरांनी त्या वहीत कधी लिहिलं नाही. लिहायचं काय? आपण लग्नात होतो तसेच आहोत, याबद्दल त्यांची खात्री होती, आणि पुरावा म्हणून ते अंगावरची करडी पँट दाखवायचे. आठ वर्षांपूर्वी शिवलेली, अजून अंगाबरोबर बसते!

त्यामागचं गुपित असं. चांगला शिंपी शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतो. त्याला माया म्हणतात. पुढेमागे अंग भरलं, तर शिवण उसवून पँट सैल करता येते. गिऱ्हाइकाच्या पँटमध्ये मास्तर इंचभर माया सोडत, स्वतःच्या पँटमध्ये दोन. वर्षातून एकदा हुक कुरकुरायला लागला, की ते दुपारी दुकानाचं दार लोटून घेत, मागची शिवण उसवत आणि जरा सरकवून पुन्हा टीप मारत. हाताला इतकी सवय झाली होती, की त्यातून काही समजून घ्यावं असं डोक्याला कधी वाटलंच नाही.

दिवसाला सहा चहा, प्रत्येकात तीन चमचे साखर. सोबत बिस्किटं "दोनच". पण दोन दोन करत पुडा संपायचा. जेवणात तळलेले बटाटे हवेतच. पालेभाजी दिसली, की मास्तर बायकोला विचारायचे, "ही शेळीची वाटणी चुकून माझ्या ताटात आली का गं?"

मग एका मंगळवारी डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट शिवताना टीप वाकडी गेली. मास्तरांनी सुईला दोष दिला, तेलाला दिला, कापडाला दिला. बुधवारी पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय पायडलवरून घसरला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. बोटं जणू दुपारची झोप काढत होती.

कोट द्यायला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती टीप पाहिली, मग मास्तरांकडे पाहिलं आणि चपला काढायला सांगितल्या. एकेका बोटाला स्पर्श करून जाणवतं का ते विचारलं, मग रक्त तपासलं. साखर निघाली, आणि ती कालपरवाची नव्हती.

"मला तर आजच कळतंय," मास्तर म्हणाले.

"पायांना आधीच कळलं होतं. हे एका दिवसात होत नाही, मास्तर. रोजचं थोडं थोडं साठत जातं. गोळ्या देते, पण त्या एकट्या काय करणार? ताट बदला. गेलेलं परत येईलच असं नाही. उरलेलं राखता येईल. तीन महिन्यांनी पुन्हा पाय बघू."

मास्तरांना एवढंच ऐकू आलं, की पाय गेला तर मशीन गेलं. मोटर बसवली तरी तिला आवरायचं पायानेच.

घरी त्यांनी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी टेबलावर ठेवली. बायकोने ती दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी ती करडी पँट वाळत घालत होती, तेव्हा उन्हात तिला मागच्या शिवणीलगत उभे पट्टे दिसले. एक विटलेला, त्याच्या शेजारी जरा गडद, मग आणखी गडद. दर वर्षी आतून बाहेर आलेलं कापड! तिने मोजले. सात.

"अहो, झाडाचं वय असंच मोजतात ना?" तिने विचारलं.

मास्तर वरमले. "कापड आटतं गं."

"आटतं! मग तुम्ही तर अगदीच कोरडे पडायला हवे होतात."

संध्याकाळी ते परतले, तेव्हा त्यांच्या चारही पँटींमधली उरलेली माया टिपेलगत कापून टेबलावर पडली होती.

"माया कापलीस?" मास्तरांचा आवाज चिरकला. आजवर त्यांनी कट्टर वैऱ्याचीही माया कापली नव्हती.

"पँटची कापली. माझी शाबूत आहे, म्हणूनच कापली."

त्या दिवसापासून पँट पहारा द्यायला लागली. दुपारी चार बिस्किटं जास्त झाली, की संध्याकाळी हुक पोटात टोचायचा. एकदा बायकोने बटणांचा डबा उघडला.

"अहो, बटणांचा चुरा कसा हो झाला?"

"जुनी बटणं आहेत."

"आणि गोड लागतात!"

साखर तीन चमच्यांवरून दोनवर आली, मग एकवर, मग अर्ध्यावर. अर्ध्यावर मास्तर पाच दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. बटाटे आठवड्यातून एकदा, तेही उकडलेले. जेवणानंतर पोस्टमनसाहेबांबरोबर चालणं सुरू झालं. ते रोज एकच प्रश्न विचारायचे, "काय मास्तर, आज टेप कुणी आवळली?" पालेभाजी मास्तर आधी डोळे मिटून खात, नंतर उघडे ठेवून. एका रात्री त्यांनी ती पुन्हा मागितली आणि मागितल्यावर स्वतःच दचकले.

तीन महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी नायलॉनचा बारीक दोरा घेतला. "डोळे मिटा. दोरा टेकला, की बोट सांगा."

दोऱ्यात हयात गेलेला माणूस, पण दोऱ्याची भीती त्यांना पहिल्यांदाच वाटली.

"डावा अंगठा... डावं मधलं... उजवा अंगठा..."

मग बराच वेळ काही नाही.

"टेकवलात का?"

"टेकवलाय."

मास्तरांनी डोळे आणखी घट्ट मिटले. "नाही जाणवत."

दहापैकी नऊ. रक्तातली साखर उतरली होती. "हे बोट मागच्या खेपेलाही गप्प होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण शेजारची दोन तेव्हा नुसती पुटपुटत होती, आज नीट बोलली. असंच चालू ठेवा. अनवाणी फिरू नका आणि रोज पाय तपासत जा."

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाल्या?"

"नऊ कामावर, एक रजेवर."

"कुठलं?"

"उजव्या करंगळीशेजारचं."

"ते तसंही कामचुकारच," ती म्हणाली. मग चष्मा लावून खाली बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन ते बोट चहूबाजूंनी पाहू लागली.

"आता काय बघतेस?"

"त्याला दुखलंखुपलं तरी सांगता येणार नाही ना. मग रोज आपणच विचारायला हवं."

मास्तर खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "विचार. फक्त तळलेल्या बटाट्याचं नाव काढू नकोस. रजा मोडून धावत येईल."