चौथ्या मशीनमधली जॉब स्लिप

"ये साइन आपकी है?"

इन्स्पेक्टर चौहानांनी माझ्या काउंटरवर टीव्ही गेमचं एक मशीन ठेवलं होतं. झाकण उघडं, स्क्रू वेगळ्या पाकिटात, आणि आत सेलोटेपने चिकटवलेला एक छोटा कागद. कागदावर निळ्या शाईत माझी सही. नुसती सही नाही, तर पूर्ण नाव, तारीख आणि वेळसुद्धा.

शहाणा माणूस म्हणाला असता, बघून सांगतो. मी म्हणालो, "हाँ साहब, मेरी ही है. तारीख भी सही है."

साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. इतक्या सहज कबूल करणारा माणूस त्यांना बहुधा सवयीचा नसावा.

"गोपाल के गेम पार्लर से चार मशीनें उठाई हैं," ते म्हणाले. "ढेर सारी कॉपी डिस्क भी मिली. एक मशीन खोली, उसमें आप निकले. बाकी तीन सीलबंद हैं. कल ग्यारह बजे थाने आइए. कंपनी का आदमी आ रहा है, उसके सामने खोलेंगे. तब तक ये काम बंद."

ते गेले. मी स्टूलवर बसलो आणि सोल्डरिंग आयर्न बंद केलं. ते आधीच बंद होतं.

थोडं मागचं सांगतो. मी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये सतरा वर्षं इलेक्ट्रिक खात्यात होतो. मिल बंद झाली. गेटला कुलूप लागलं तेव्हा माझ्या हातात एक मल्टिमीटर होता, आणि घरी शाळेत शिकवणारी बायको सुनंदा, दोन मुली आणि सुदामा नगरातल्या घराची पुढची खोली. त्या खोलीत मी दुकान टाकलं. आधी टीव्ही, मिक्सर, कपड्यांची प्रेस. मग बाजार खुला झाला आणि माझ्या काउंटरवर नवीन नवीन वस्तू येऊन पडायला लागल्या. कुणाचा भाऊ दुबईत, कुणाची नणंद अमेरिकेत. त्यांनी पाठवलेली गेमची मशीनं इथे आणून लावली की टीव्हीवर काळा पडदा.

कारण असं. हे मशीन म्हणजे फक्त खेळ खेळायचा कॉम्प्युटर. डिस्क टाकली की ते आधी तिची तपासणी करतं. डिस्क कंपनीची आहे का, आणि याच मुलखात विकायची आहे का. दोन्हीपैकी एक उत्तर नाही आलं की खेळ बंद. आम्ही आत नखाएवढी एक चिप बसवायचो, चार-पाच वायरी सोल्डर करायचो. मशीनने विचारलं की चिप म्हणायची, सगळं ठीक आहे, जाऊ दे. मिलच्या गेटवरचा आमचा वॉचमन ओळखीच्या माणसाला सोडायचा तसं.

अमेरिकेच्या मशीनवर इथे विकत घेतलेली खरी डिस्क चालावी, यात कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं. अडचण एवढीच की चिपला खरं-खोटं कळत नाही. ती परदेशी डिस्कलाही सोडते आणि कॉपी डिस्कलाही.

आता त्या कागदाबद्दल. मिलमध्ये नियम होता. कुठल्याही मशीनमध्ये मूळ वायरिंग बदललं की जॉब स्लिप भरायची. काय बदललं, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, त्याची सही, आपली सही. एक प्रत मशीनच्या आत, कार्बन कॉपी बुकात. एकदा एका शिफ्टच्या माणसाने सेफ्टी स्विच बायपास केला आणि स्लिप लावली नाही. पुढच्या शिफ्टच्या माणसाची दोन बोटं गेली. ती मी स्वतः कापडात गुंडाळून दवाखान्यात नेली होती. त्यानंतर स्लिप न लावता मशीन बंद करणं मला जमलंच नाही. मिल गेली, सवय राहिली. मी लोकांच्या मिक्सरमध्येसुद्धा स्लिपा चिकटवल्या आहेत.

इन्स्पेक्टर गेल्यावर मी काउंटरखालून कार्बनचं बुक काढलं. गोपालची चार मशीनं. पहिल्या तिन्हीत कारण लिहिलेलं: 'मशीन विदेशी. यहाँ की डिस्क नहीं लेती.' ठीक.

चौथं मशीन इथेच घेतलेलं होतं. त्याला मुलखाची अडचण नव्हती. मी तेव्हा गोपालला विचारलं होतं, मग चिप कशाला? तो हसून इंदुरी थाटात म्हणाला होता, "अब तुमसे क्या छुपाना भिया, कॉपी चलाना है."

आणि मी, मिलचा आज्ञाधारक माणूस, कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'कॉपी डिस्क चलाने हेतु.' खाली गोपालची सही. त्याखाली माझी.

पोलिसांनी उघडलेलं मशीन पहिलं होतं. चौथं ठाण्यात सीलबंद. उद्या अकराला उघडणार.

दुपारी गोपाल मागच्या दाराने आला. तो जामिनावर होता. त्याचे वडील आमच्याच मिलमध्ये विणाई खात्यात होते. मिलकडून जे काही हातात आलं, ते सगळं त्यांनी मुलाच्या या पार्लरमध्ये घातलं होतं.

"भिया, मैंने बोल दिया है कि मेरेको पता ही नहीं था कॉपी है," तो म्हणाला. "सप्लायर ने ठगा. अब तुम्हारी वो पर्ची... किताब जला दो. पर्ची का बोलना नकली है. ना तुम्हारी साइन, ना मेरी."

"मैं तो बोल चुका हूँ कि मेरी है."

"किसको?"

"इन्स्पेक्टर को."

त्याने कपाळाला हात लावला. "भिया, तुम मिल में ही ठीक थे."

मग त्याचा आवाज उतरला. "बापूजी को कुछ पता नहीं है. सोच लेना." तो आला तसा मागच्या दाराने गेला.

सुनंदाने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, बुक उचललं, पानं चाळली. "अहो, याच्यात माझ्या शाळेच्या टेपरेकॉर्डरचीपण स्लिप आहे," ती म्हणाली. "सांगणाऱ्याची सही म्हणून मोठ्या बाईंची घेतलीत?"

"नियम आहे."

"तुम्हाला पकडलं तर मी मोठ्या बाईंना काय सांगू?" ती हसली नाही. बुक तिने पिशवीत घातलं. "मामांकडे चला."

मामा म्हणजे तिचे लांबचे मामा, आपटे वकील. आयुष्यभर मिल कामगारांच्या केसेस लढले. गेमचं मशीन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कपाटातून कॉपीराइटच्या कायद्याचं पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि अर्धा तास वाचत बसले. तेवढ्या वेळात मी दोन कप चहा प्यायलो. त्यातला एक त्यांचा होता.

"हे बघा जावईबापू," शेवटी ते म्हणाले. "माणसाने विकत घेतलेलं मशीन त्याने उघडू नये, त्यात वायर जोडू नये, असं कलम मला तरी दिसत नाही. मशीन त्याचं आहे. तो त्यात देव्हारा करेल."

मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"घाई करू नका. कॉपी डिस्क हा गुन्हा आहे. आणि माहीत असून त्या गुन्ह्याला मदत करणं, हाही गुन्हा आहे. माझ्या घराची मी दुसरी किल्ली करून घेतली, तर कुणी काही बोलणार नाही. पण चोरीचा माल ठेवायला किल्ली केली, असं किल्लीवाल्यानेच लिहून ठेवलं असेल तर?"

सुनंदाने पिशवीतून बुक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. चौथी स्लिप त्यांनी दोनदा वाचली. चष्मा काढला.

"हे का लिहिलंत तुम्ही?"

"रकाना होता."

मामांनी बुक मिटलं. मग म्हणाले, "बुक जाळलंत तर पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम लागेल. ते मात्र मला पाठ आहे. उद्या बुक बरोबर घ्या. आणि मी सांगेपर्यंत तोंड उघडू नका. जमेल?"

सुनंदा म्हणाली, "नाही जमायचं त्यांना."

दुसऱ्या दिवशी आम्ही पावणेअकरालाच ठाण्यात पोचलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. का, ते विचारू नका. आत जावं लागलं तर निदान शर्ट नीट असावा, असं काहीतरी डोक्यात असेल. एका बाकावर गोपाल बसला होता. त्याने माझ्या हातातलं बुक पाहिलं आणि मान फिरवली.

कंपनीचा माणूस दिल्लीहून आला होता, टाय लावून. त्याचं म्हणणं सोपं होतं. "सर, मशीन को खोलना ही इल्लीगल है. पीछे साफ लिखा है."

चौहानसाहेबांनी मशीन उलटं केलं आणि बारीक अक्षरातला मजकूर वाचला. "इसमें तो लिखा है, खोला तो वॉरंटी खत्म."

"जी सर."

"तो वॉरंटी खत्म हुई. जुर्म कहाँ हुआ?"

टायवाला फाइल चाळायला लागला. मामांनी हळूच माझा गुडघा दाबला. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी सील तोडायला सुरुवात केली. दुसरं मशीन: विदेशी. तिसरं: विदेशी. चौथ्याचे स्क्रू हवालदाराला निघेनात. चुकीचा पेचकस होता. एकदा फिरवला, दोनदा फिरवला, स्क्रूचं डोकं घासायला लागलं. माझ्याच्याने ते बघवेना. खिशातून माझा पेचकस काढला आणि म्हणालो, "लाइए, मैं खोल देता हूँ."

मामांनी डोळे मिटले.

स्वतःविरुद्धचा पुरावा मी स्वतःच्या हातांनी, एकही स्क्रू न बिघडवता, उघडून टेबलावर ठेवला. साहेबांनी स्लिप मोठ्याने वाचली. "'कॉपी डिस्क चलाने हेतु.'" मी पेचकस पुसून खिशात ठेवला.

"आपको पता था?"

मामा म्हणाले, "साहब, मेरे मुवक्किल..."

"पता था," मी म्हणालो. "लिखा है ना."

"और ये दूसरी साइन?"

मी गप्प बसलो. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच. उत्तर गोपालच्या तोंडावर होतं. सप्लायरने फसवलं, आपल्याला माहीत नव्हतं, हे तो कालपर्यंत सांगत होता, आणि त्याच्याच सहीचा कागद आता टेबलावर होता. साहेबांनी बुक मागितलं, मी दिलं. त्यांनी ती सही गोपालच्या जबाबावरच्या सहीशी ताडून पाहिली.

मामा पुढे सरकले. आता ते मिलच्या दिवसांतले आपटे वकील होते. "साहब, जो आदमी सब लिखकर रखता है, किताब खुद लेकर आता है, उसे मुल्जिम बनाओगे तो गवाह कहाँ से लाओगे?"

चौहानसाहेबांनी बुक बंद केलं. "मुल्जिम या गवाह, ये आज तय नहीं होगा. जाइए. शहर मत छोड़ना."

आरोपी की साक्षीदार, ते ठरायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत दारावर कुणी थाप मारली की मी आधी इस्त्रीचा शर्ट शोधायचो. मुलींना वाटायचं, बाबांना कुठेतरी नोकरी लागणार आहे. शेवटी समन्स आलं आणि मामांनी ते वाचून सांगितलं, साक्षीदार. मी तिथेच पायरीवर बसलो.

साक्षीची वेळच आली नाही. गोपालने डिस्कचा गुन्हा कबूल केला. दंड झाला, पार्लर बंद पडलं. डिस्क नष्ट करायचा हुकूम झाला. टायवाल्याच्या वकिलाने मशीनंही मागितली. मॅजिस्ट्रेटने विचारलं, ही घेतली कुणी? गोपालने. मग ज्याची त्याला परत द्या. चारही मशीनं परत गेली, चिपसकट. आपल्या मशीनमध्ये आपण चिप लावावी की नाही, हे कोर्टाला कुणी विचारलं नाही आणि कोर्टाने सांगितलं नाही. डिस्क तपासणाऱ्या अशा कुलपांबद्दलचं कलम कायद्यात पुष्कळ वर्षांनी आलं. तोवर ती मशीनं भंगारात गेली होती.

गोपाल माझ्याशी पुन्हा बोलला नाही. त्याचे वडील एकदा भाजी घेताना भेटले. "सच ही लिखा था तुमने," एवढंच म्हणाले आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांच्या मुलाने मला विश्वासाने सांगितलं होतं, आणि मी तेव्हाच नाही म्हणू शकलो असतो. मी फक्त लिहून घेतलं. मिलमध्ये स्लिप भरली की आपली जबाबदारी संपायची. बाहेर ती तिथून सुरू होते, हे कळायला मला ठाण्यात जावं लागलं.

चिपचं काम मी नंतरही केलं. फक्त क्रम बदलला. आधी कारण विचारायचं, मग पेचकस हातात घ्यायचा. अजूनही कुणी विचारतं, काका, आपलंच मशीन आपण उघडलं तर चालतं का? मी सांगतो, उघडायला काही हरकत नाही, पण कशासाठी उघडतोय ते इथे लिहा आणि खाली सही करा. बहुतेक जण म्हणतात, घरी विचारून येतो.