रखमाच्या दादरच्या भेटी

रखमा ओहोळला चर्चच्या भेटी हव्याशाही वाटायच्या आणि नकोशाही. परळच्या त्या मराठी चर्चात पाळकसाहेबांनी एक पद्धत घातली होती. मंडळीतल्या दोन-दोन बायांनी महिन्यातून एकदा वाटून दिलेल्या घरी जायचं, सुखदुःख विचारायचं, शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, चार ओळी वाचायच्या, प्रार्थना करायची आणि उठायचं. रखमा राहायची डिलाईल रोडच्या चाळीत, एका खोलीत. नवरा गिरणीत होता तो छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हापासून ती एका प्रसूतिगृहात आयाचं काम करायची. भेटीचा दिवस आला की सकाळपासून फरशी घासायची, शेजारच्या सुंदराबाईकडून दोन चांगल्या कपबश्या मागून आणायची. मग आलेल्या बायांची नजर फळीवरच्या डब्यांवरून, दोरीवरच्या लुगड्यांवरून फिरायला लागली की तिला वाटायचं, ह्या भेटायला आल्यात की झडती घ्यायला? पण एखाद्या महिन्यात कुणी फिरकलंच नाही, तर त्याचाही तिला राग यायचा.

तिच्या घरी यायच्या त्या मनोरमाबाई चक्रनारायण. शिवाजी पार्कच्या मागे ब्लॉकमध्ये राहणाऱ्या, शिकलेल्या, इस्त्रीचं पातळ नेसणाऱ्या. त्यांचे यजमान गंगाधरराव शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीच्या पंचांतले एक. चर्चात कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाचा दाखला, सगळं त्यांच्या शब्दावर हलायचं. एवढी मोठी बाई आपल्या चटईवर मांडी घालून बसते, याचं रखमाला कौतुक होतं. बाईंना ती मनापासून मानायची. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

त्या जानेवारीत मुंबई पेटली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं, गोळीबार चालला होता. त्यातच मनोरमाबाई एकट्याच भेटीला आल्या. जोडीची बाई भीतीने घराबाहेर पडली नव्हती. बाई खोलीत शिरल्या आणि खाली रस्त्यावर पळापळ सुरू झाली. अश्रुधुराने चाळीचे डोळे चुरचुरायला लागले. पोलिसांची गाडी भोंग्यावर ओरडत गेली, संचारबंदी.

बाई अडकल्या. रखमाची लेक सुशीला चहा गाळता गाळता तशीच कोसळली. दातखीळ बसली, हातपाय झटकायला लागली, तोंडाला फेस आला.

रखमा दार लावायला धावली. पोरीच्या फेपऱ्याचं तिने कुणाला कळू दिलं नव्हतं, चाळीतही नाही. सुशीलेचं लग्न मंडळीतल्याच राधाबाईंच्या मुलाशी, आनंदाशी, ठरत आलं होतं. तो गिरगावात छापखान्यात खिळे जुळवायचा. नाताळनंतर बोलणी पक्की झाली होती, फक्त साखरपुडा राहिला होता.

रखमा चप्पल हुंगवायला निघाली तर मनोरमाबाईंनी तिचा हात धरला. "चप्पल नको, रखमा. तिला कुशीवर घे." स्वतः खाली बसून त्यांनी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, इस्त्रीच्या पदराने फेस पुसला. पोर शांत झाली तरी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. रखमाला रडू फुटलं. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच कुणापुढे रडली. लहानपणापासून दोन-तीन वेळा झालंय, औषध चालू आहे, लग्नानंतर आपोआप जाईल असं वैद्य म्हणतात, सगळं तिने सांगून टाकलं.

"बाई, राधाबाईंच्या कानावर..."

"वेडी आहेस का? हे तुझ्यात, माझ्यात आणि देवात."

रात्रभर त्या तिथेच राहिल्या. भाकरी-पिठलं खाल्लं. सकाळी संचारबंदी थोडी सैल झाली तेव्हा रखमा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आली.

महिना उलटायच्या आत भगिनी मंडळाची प्रार्थनासभा भरली. शेवटी नेहमीप्रमाणे विनंत्या विचारल्या. कुणाच्या सासूचं गुडघ्याचं, कुणाच्या पोराच्या परीक्षेचं. मग मनोरमाबाई उभ्या राहिल्या. आवाज अगदी मऊ.

"आपल्या रखमाच्या सुशीलेला फेपऱ्याचा विकार आहे. आता तिचं लग्नाचं घाटतंय. तेव्हा देवाने त्या लेकराला लवकर बरं करावं, म्हणून सगळ्याजणी मागू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. राधाबाईंनी तेवढे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी राधाबाई चाळीत येऊन गेल्या. भांडल्या नाहीत, चहालाही थांबल्या नाहीत. "लपवलंत तुम्ही," एवढंच म्हणाल्या.

रखमा तडक दादरला गेली. मनोरमाबाईंनी तिला दारातच उभं केलं.

"बाई, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, मी काय चहाडी केली? देवापुढे मागणं मागितलं. आईने तरी याहून काय केलं असतं?"

रखमा जिना उतरली. पुढच्या नाताळाच्या आधी आनंदाचं लग्न झालं. मुलगी मनोरमाबाईंची सख्खी भाची. रखमा लग्नाला गेली, पंगतीला बसली, दोनदा बुंदी मागून घेतली. बायका म्हणाल्या, मन मोठं हो रखमाबाईचं. रखमा जेवत होती आणि वाढत फिरणाऱ्या मनोरमाबाईंच्या पाठीकडे बघत होती. आपल्याला घाई नाही, असं तिने त्या पंगतीत ठरवलं.

सुशीलेने शिवणाचं मशीन घेतलं. घरोघरची पोलकी शिवायची, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला चाळीतल्या पोरींबरोबर शिवाजी पार्कावर जायची, घोषणा देऊन घसा बसवून यायची. लग्नाचं नाव काढलं की म्हणायची, "आई, आता पुरे." तिने पुरे म्हटलं की रखमाला पंगतीतली मनोरमाबाईंची पाठ पुन्हा दिसायची.

तीन वर्षं गेली. पाळकसाहेब बदलले. नव्या साहेबांनी भेटीच्या जोड्या नव्याने लावल्या. रखमाच्या जोडीला कमलाबाई आल्या. कमलाबाई म्हणजे भोळं माणूस, कुणी काही सांगितलं की "हो का गं बाई" म्हणणारं. आणि त्यांच्या वाट्याला आली दादरची घरं.

"चक्रनारायणांकडे जायला जमेल ना?" साहेबांनी विचारलं. त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं.

"न जमायला काय झालं?" रखमा म्हणाली.

पहिल्या भेटीला मनोरमाबाईंनी दार अर्धंच उघडलं. केस पिकले होते, पातळाला इस्त्री नव्हती. बसा म्हणाल्या, पण नजर सारखी आतल्या दाराकडे. मास्तर कुठे आहेत, असं कमलाबाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "नगरला गेलेत, भावाकडे. हवापालटाला."

शास्त्र वाचून झालं. रखमाला ठसका लागला. बाई नको नको म्हणत असताना ती पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेली.

तिथे जमिनीवर गंगाधरराव बसले होते. अंगात नुसती बंडी. त्यांनी वरवंटा उभा करून त्याला हळद फासली होती, पुढे तांदळाचे चार दाणे वाहिले होते, आणि हात जोडून लहान पोरासारखे पुटपुटत होते, "मरीआई, आमच्या आईला बरं कर गं. मरीआई, तुला कोंबडं देतो." मंडळीत ज्यांनी दुसऱ्यांच्या घरातले देवांचे टाक आणि ताईत बाहेर काढायला लावले, ते हेडमास्तर. रखमाकडे बघून हसले. "आलीस व्हय, आक्का?"

मागून येऊन मनोरमाबाईंनी तिचं मनगट धरलं. "रखमा, कुणाला सांगू नकोस. त्यांना काही कळत नाही गं आता. मलाही ओळखत नाहीत. पंचांना कळलं तर मंडळीतून नाव काढून टाकतील. माणसं हसतील."

रखमाने पाणी प्यायलं, भांडं पालथं घातलं. "नाही सांगणार," ती म्हणाली.

आणि तिने शब्द पाळला. सांगून टाकलं असतं तर बाई एकदाच रडली असती, चार दिवसांनी लोक विसरले असते. रखमाला एवढ्यावर भागणार नव्हतं.

पुढच्या महिन्यात ती वेळेवर हजर. बसल्या बसल्या गोड आवाजात विचारलं, "मास्तरांचं काय पत्र-बित्र? नगरची हवा मानवली का?"

मनोरमाबाईंचा चेहरा उतरला. मांडीवर शास्त्र उघडं होतं. "मानवली."

"जेवण जातं ना?"

"जातं."

"हो का गं बाई, बरं झालं," कमलाबाई म्हणाल्या.

"मग बाई, त्यांच्यासाठी आज तुम्हीच प्रार्थना करा. ते नगरहून सुखरूप परत यावेत म्हणून. तुमच्या तोंडून बरी वाटते."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मनोरमाबाईंनी डोळे मिटले आणि देवापुढे खोटं बोलल्या. रखमाने डोळे उघडे ठेवले होते. तिला सगळं नीट बघायचं होतं.

मग दर महिन्याला हेच चाललं. कधी ती नगरच्या भावाचा पत्ता विचारायची, आमचे एक पाहुणे तिकडे निघालेत म्हणून. कधी म्हणायची, नाताळाला तर येतीलच ना मास्तर? प्रत्येक वेळी मनोरमाबाईंना नवं खोटं रचावं लागे आणि मागचं लक्षात ठेवावं लागे. त्या वाळत चालल्या होत्या. रखमा मात्र दादरहून आली की दोन भाकऱ्या जास्त खायची.

"आई, तिथून आलीस की तुला भूक बरी लागते," मशीनवरून मान वर न करता सुशीला एकदा म्हणाली.

"चालणं होतं ना."

"काय करतेस तू तिथं?"

"भेट घेते."

सुशीलेने मशीन थांबवलं. "माझ्या नावावर काही करत असशील तर नको करू. मी तुला सांगितलेलं नाही."

"तू गप शीव," रखमा म्हणाली. तिला लेकीचा राग आला. जिच्यासाठी एवढं करतेय तिलाच त्याची किंमत नाही!

महाराष्ट्र होणार हे पक्कं झालं, त्या वसंतातली गोष्ट. दादरभर कंदील आणि पताका लावायची लगबग होती. रखमा आणि कमलाबाई गेल्या, तर दार सताड उघडं. रखमा बसली. "काय बाई, नवं राज्य बघायला तरी मास्तर येणार ना?"

मनोरमाबाईंनी शास्त्र मिटून बाजूला ठेवलं. उठल्या, आतलं दार उघडलं. "कमलाबाई, या इकडे. मास्तर कुठेही गेलेले नाहीत. आजारी आहेत. मी वर्षभर खोटं बोलले. कुणाला सांगायचं त्याला सांगा, पंचांना मी उद्या स्वतःच सांगणार आहे."

कमलाबाई आत गेल्या. "हो का गं बाई," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग त्या म्हाताऱ्याजवळ खाली बसल्या आणि त्याच्या हाताची हळद आपल्या पदराने पुसायला लागल्या.

रखमा बाहेरच्या खोलीत एकटी राहिली. कुणी हातातला घास काढून घ्यावा तसं तिला झालं. मनोरमाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सुशीलेचं मी मुद्दाम बोलले होते, रखमा. भाचीचं जमत नव्हतं. आनंदा चांगला मुलगा होता. उभी राहिले तेव्हा मला ठाऊक होतं मी काय करतेय."

"मला पण ठाऊक होतं," रखमा म्हणाली.

"मला क्षमा कर."

बाहेर ढोल-ताशा वाजत चालला होता. रखमाने पिशवी उचलली, चपला घातल्या. "पुढच्या महिन्यात येईन," ती म्हणाली. "तेव्हा परत मागा."

तिने दर महिन्याला क्षमा मागायला लावली. पंचांनी गंगाधररावांचं नाव मंडळीतून काढलं नाही, उलट आळीपाळीने त्यांच्याजवळ बसायला माणसं पाठवली. हे काही रखमाला आवडलं नाही. ती मात्र तिच्या दिवशी जायची. निघताना मनोरमाबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "रखमा, क्षमा कर." रखमा म्हणायची, "बघू."

गंगाधरराव पुढच्या थंडीत वारले. शिवडीला माती दिली. त्यानंतरच्या भेटीत मनोरमाबाईंनी चहा केला, सुशीलेकडून दोन पोलकी शिवून हवीत म्हणाल्या, माप दिलं, जिन्यापर्यंत आल्या आणि "ये हं," म्हणून आत वळल्या. क्षमा मात्र मागितली नाही.

रखमा दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. वर बघितलं. दार लागलं होतं. तिचं तोंड कडू झालं. घरी आल्यावर सुशीलेने ताट वाढलं, तर ती नको म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पुढच्या महिन्यात ती परत गेली.