अंधार दाटून आलेला असतो

माझ्या थोरल्या नणंदेला अख्खी गल्ली ‘पहिल्या परिच्छेदाच्या बाई’ म्हणते. ती निबंधाची शिकवणी घेते, पण निबंध शिकवत नाही, फक्त त्याची सुरुवात शिकवते. तिचं म्हणणं असं, की परीक्षकापुढे उत्तरपत्रिकांचा ढीग असतो, त्याची पाठ दुखत असते, चहा गार झालेला असतो. मन लावून वाचतो तो फक्त पहिला परिच्छेद. तिथे त्याला धरून ठेवलंत, तर पुढच्या चार चुका तो पोटात घालतो.

आधी ती जे शिकवायची ते खरोखर चांगलं होतं, हे मी नणंद-भावजयीचं नातं बाजूला ठेवून सांगते. विषय दिला की ती मुलांना विचारायची, “तुम्हाला स्वतःला याबद्दल काय वाटतं? एका वाक्यात सांगा. ते वाक्य परिच्छेदाच्या शेवटी ठेवा. आता त्याच्याआधी तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी लिहा. ‘प्राचीन काळापासून’ अशी सुरुवात कुणी केली, तर सरळ उठून घरी जायचं!” मुलं हसायची आणि लिहायची. पण त्यात वेळ जायचा. परीक्षा जवळ आली की आईबाप जिन्यात उभे राहून कुरकुरायचे, “बाई, काहीतरी तयार द्या ना. पोरगं नुसतं कोऱ्या कागदाकडे बघत बसतं.” ताई मुळात भिडस्त. तिनं एक तयार परिच्छेद लिहून दिला.

आमचं घर तिच्या घराला लागूनच. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही तो पाठ झाला. ‘अंधार दाटून आलेला असतो. वाट संपलेली असते. हातातला दिवा विझत आलेला असतो. अशा वेळी माणसाला एकच आठवण येते, ती म्हणजे...’ पुढे मोकळी जागा. तिथे आई घाला, पुस्तक घाला, विज्ञान घाला. एका पठ्ठ्यानं तर पाण्याची बचत घातली. मी हसून लोळले. पण त्याला भरभरून गुण मिळाले, आणि मग काय विचारता! शिकवणीला जागा पुरेना. बाहेरच्या खोलीत, पॅसेजमध्ये, पायऱ्यांवर बसून मुलं एका सुरात म्हणायची, अंधार दाटून आलेला असतो. बाहेर लख्ख ऊन असायचं आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

“ताई, भरल्या घरात रोज हे काय घोकायचं?” मी एकदा बोललेच.

“गुण मिळतात ना? मग झालं तर,” ती म्हणाली.

माझी लेकही आत्याकडेच शिकायची. पोरगी भारी तिखट. गल्लीतल्या कुणाचीही हुबेहूब नक्कल करायची. ‘आमचे शेजारी’ या विषयावर तिनं लिहिलं होतं, ‘आमच्या घरात काय शिजतंय हे शेजारच्या काकूंना आमच्याआधी कळतं. म्हणून आम्ही भांडायचं झालं तर आधी नळ सोडतो.’ ताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि मग लाल पेनानं तिनं सगळं खोडलं.

“छान आहे गं राणी. पण परीक्षकाला नाही आवडलं तर? वर्ष महत्त्वाचं आहे तुझं.”

लेक गाल फुगवून बसली. मग तिनं अंधार, वाट आणि दिवा लिहून शेवटी शेजारी घातले. पुढे पुढे तिनं गाल फुगवणंही सोडलं. घरात नकला बंद झाल्या. काही विचारलं की आधी आत्याच्या भिंतीकडे बघायची. मला ते मुळीच आवडत नव्हतं. पण शाळेचं शेवटचं वर्ष, या निकालावर पुढचा प्रवेश. मी गप्प राहिले.

परीक्षेहून आली ती पांढरीफटक पडून. “आई, विषय वाचला आणि आमच्या सगळ्या बाकांवर एकदम पेनं सुरू झाली. कुणी विचारच केला नाही गं. कसंतरीच वाटलं.”

निकालाच्या दिवशी ताईच्या एकाही विद्यार्थ्याचा निकाल लागला नाही. ‘राखून ठेवला’ एवढंच लिहून आलं. तपासणाऱ्यानं एकामागून एक पेपर उघडले होते आणि प्रत्येकात तोच अंधार. त्यानं सामुदायिक कॉपी म्हणून बोर्डाला कळवलं.

चौकशीला आम्ही सगळे गेलो. ताईनं अधिकाऱ्यांसमोर हात जोडले. “साहेब, मुलांनी कॉपी केली नाही हो. मीच पाठ करून घेतलं. काय शिक्षा द्यायची ती मला द्या.”

“मग मुलांना स्वतःचं लिहिता येतच असेल,” ते शांतपणे म्हणाले. “एकेकानं आत यायचं, दिलेल्या विषयाची फक्त सुरुवात लिहायची. ज्याला जमेल त्याचा निकाल लागेल. ज्याला जमणार नाही त्याचा पेपर रद्द.” म्हणजे वर्ष गेलं.

पहिला नंबर माझ्या लेकीचा लागला. दार उघडंच होतं, ताई आणि मी समोरच्या बाकावर. विषय आला, ‘आमची गल्ली’. माझा जीव भांड्यात पडला. गल्लीबद्दल बोलायला लागली की हिला आवरावं लागायचं!

तिनं पेनाचं टोपण काढलं. एक शब्द लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. पंखा फिरत होता आणि कागद फडफडू नये म्हणून तिनं तळहात त्यावर दाबून धरला होता. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं, त्या काकू लिही, इस्त्रीवाला लिही, आपली भांडणं लिही! ताईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी तो सोडवून घेतला. त्या क्षणी मला तिचा राग आला होता, अगदी मनापासून.

“घाबरू नकोस बाळ,” अधिकारी म्हणाले. “तुला जे वाटतं ते लिही.”

“मला वाटतं ते परीक्षेत नसतं लिहायचं, सर,” लेक म्हणाली. ती उद्धटपणे बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. मग तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, ताईकडे.

“सर, आत्याला विचारून येऊ? फक्त पहिलं वाक्य.”

ताई अर्धवट उठली आणि तशीच खाली बसली. अधिकाऱ्यांनी लेकीच्या हाताखालचा कागद हळूच ओढून घेतला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.