'शोध' या शब्दावर केलेली सही

माझ्या धाकट्या भावाच्या हृदयाची तपासणी झाली, पण अहवाल त्याला द्यायचा नाही असं इस्पितळाने ठरवलं, म्हणून हे लिहिते आहे.

सुधीर रेल्वेच्या बदलीवर नुकताच साताऱ्याहून काशीत आला. दोनदा चक्कर येऊन पडला. इथल्या इस्पितळात छातीवर तारांचं जाकीट घालून हृदयातल्या विजेचा नकाशा काढला. फॉर्मवर होतं 'शोध हेतु'. त्याला वाटलं, दोष शोधणार. केली सही. हिंदीत शोध म्हणजे संशोधन, हे इथल्याच मंगला गौरी मोहल्ल्यात जन्म काढलेल्या मला, बहिणीला, विचारावंसं त्याला वाटलं नाही.

तीन आठवडे वाट पाहून आज मीच गेले.

काउंटरवरचा म्हणाला, "माताजी, ये शोध का डेटा है, मरीज़ को नहीं मिलता."

"और दिल किसका है, शोध का?" मी खुर्ची ओढून बसले.

तासाभराने डॉक्टर आले. पानं चाळता चाळता एका पानावर थांबले, मग सगळं माझ्याकडे सरकवलं.

तुमच्या घरात कुणी अशी सही केली आहे का? आजच विचारा.

मिळालं ते असं: एक सीडी, नकाशाची चार पानं. चौथ्यावर पेनाने लिहिलेलं, 'धड़कन बिगड़ने का गंभीर ख़तरा, मरीज़ को तुरंत बुलाएँ.' खाली तारीख, तीन आठवड्यांपूर्वीची.